शाळा सुटल्यानंतरचे विद्यापीठ

दिवसा फळ्यापुढे उभे राहावयाचे आणि रात्री घरच्या दिव्याखाली पुन्हा विद्यार्थी व्हावयाचे, हा शिक्षकाचा उद्योग आजकालचा नव्हे. आज एखादी शिक्षिका घरची निजानीज झाल्यावर संगणक उघडते, दूरच्या विद्यापीठाची व्याख्याने ऐकते आणि दोन वर्षांनी एम. ए. होते, तेव्हा शेजारीपाजारी तिला ऑनलाइनची करामत म्हणतात. करामत आहेच, परंतु तिच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो संगणकाहून पुष्कळ वडील आहे. पदवी द्यावयाची ती वर्गात बसल्याबद्दल की विषय आल्याबद्दल? ह्या एका प्रश्नाचा निकाल लागता लागता दीडशेहून अधिक वर्षे गेली, आणि तो पुन्हा पुन्हा विचारणाऱ्यांत शाळामास्तर नेहमी पुढे होता.

लंडन विद्यापीठ १८३६ साली स्थापन झाले ते मुळी शिकविण्यासाठी नव्हतेच. परीक्षा घ्यावयाची आणि पदवी द्यावयाची, एवढेच त्याचे काम. उमेदवाराने मान्य कॉलेजात शिकल्याचा दाखला मात्र आणावयाचा. पुढे मान्य कॉलेजांची यादी इतकी फुगली, की त्या दाखल्याला फारसा अर्थ उरला नाही. अखेर १८५८ च्या नव्या सनदेने वैद्यकशास्त्र वगळून ती अटच काढून टाकली. ह्याला विरोध झाला. कॉलेजची हवा अंगाला न लागता पदवीधर कसला, असे म्हणणारे तेव्हाही होते! पण दार उघडले ते उघडले. १८७८ साली त्याच विद्यापीठाने स्त्रियांनाही पदवी देण्याचे ठरविले. इंग्लंडातील खेड्यापाड्यांत अल्प पगारावर मुलांना इतिहास-भूगोल घोकविणाऱ्या कितीतरी मास्तरांना आणि बाईंना ह्या दोन निर्णयांनी आशा दिली.

ह्या मास्तरांपैकी एकाला आपण सारे ओळखतो, पण निराळ्या नात्याने. एच. जी. वेल्स. वाचकांनी त्यांच्या कालयंत्राची आणि मंगळावरून आलेल्या स्वारीची कथा वाचली असेल. परंतु ह्या लेखकाने पदवी कशी मिळविली, ती कथाही काही कमी नाही. शिष्यवृत्ती मिळवून ते १८८४ साली लंडनच्या विज्ञानशाळेत दाखल झाले. पहिल्या वर्षी गुरू लाभले ते साक्षात टी. एच. हक्सले. पुढे मात्र मन उडाले, १८८७ च्या अंतिम परीक्षेत ते नापास झाले आणि पदवीवाचून बाहेर पडले. मग मास्तरकी आली. वेल्समधल्या एका शाळेत फुटबॉल खेळताना जबर दुखापत झाली आणि ती नोकरीही सुटली. १८८९ साली ते लंडनच्या किलबर्न भागातील एका लहानशा खाजगी शाळेत शिकवू लागले. शाळेचे चालक जे. व्ही. मिल्न; त्यांचा धाकटा मुलगा ॲलन ह्याच शाळेत शिकत होता. 'विनी द पू' ह्या अस्वलाचा जनक तो हाच. ही नोकरी सांभाळूनच वेल्स यांनी उरलेला अभ्यास पुरा केला आणि १८९० साली लंडन विद्यापीठाची बी. एस्सी. मिळविली. प्राणिशास्त्रात पहिला वर्ग!

पुढची गोष्ट अधिक मौजेची. आपल्यासारख्याच घरी अभ्यास करणाऱ्या उमेदवारांना टपालाने धडे पाठविणारी एक संस्था विल्यम ब्रिग्ज नावाच्या गृहस्थांनी १८८७ मध्ये केंब्रिज येथे काढली होती. पदवीधर झाल्यावर वेल्स तिथे शिकवू लागले. त्यांचे पहिले मोठे पुस्तक कादंबरी नव्हे, तर अशाच परीक्षार्थींसाठी लिहिलेले जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक होते. ते १८९३ साली निघाले. त्याच वर्षी रक्ताची उलटी झाली, शिकविणे झेपेना, आणि माणूस लेखणीकडे वळला. कादंबरी लिहिणाऱ्या आमच्यासारख्या शाळामास्तरांनी ह्यावरून फार उत्साहित होऊ नये, एवढेच सांगतो.

आता आपल्याकडे वळू. मुंबई विद्यापीठ १८५७ च्या जुलैत स्थापन झाले, आणि त्याचा नमुना होता हेच लंडन विद्यापीठ. पण घेतला तो जुना नमुना, संलग्न कॉलेजांचा. वर्षभरातच लंडनने दाखल्याची अट सोडली. आपल्याकडची विद्यापीठे ती धरून बसली. इतकेच नव्हे, लॉर्ड कर्झन यांच्या अमदानीत १९०४ च्या कायद्याने ती अधिकच घट्ट केली. मॅट्रिक वगळता कोणत्याही परीक्षेला कॉलेजच्या दाखल्यावाचून बसता येणार नाही. अपवाद करावयाचा झाल्यास सिनेटचा खास ठराव हवा. कोकणातल्या एखाद्या मिशन शाळेतील मास्तराने बी. ए. व्हावयाचे तर नोकरी सोडून मुंबई-पुणे गाठावे, नाहीतर जन्मभर मॅट्रिकच राहावे. प्रस्तुत लेखकही मॅट्रिकच आहे, तेव्हा ह्या जातीविषयी मला थोडी अधिक आपुलकी आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे. कालांतराने काही विद्यापीठांनी शिक्षकांना खाजगी उमेदवार म्हणून बसू दिले. 'बाहेरून परीक्षा देणे' हा आपल्या घराघरांतला वाक्प्रयोग तेव्हापासूनचा. त्यात किंचित कमीपणाची छटा आहे, ती कानाला जाणवतेच.

ह्या बाबतीत धोंडो केशव कर्वे यांची दृष्टी लांबची. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले आणि घरी अभ्यास करणाऱ्या स्त्रियांनाही परीक्षेची वाट मोकळी ठेवली. संसार आणि शाळा दोन्ही ओढणाऱ्या बाईला कॉलेजचे तास कुठून जमणार, हे अण्णांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

परीक्षेला बसू देणे निराळे आणि शिकविण्याची जबाबदारी घेणे निराळे. बाहेरून बसणाऱ्याला पुस्तक कोणते वाचावे, हे सांगणारेही कोणी नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. इंग्लंडात पुढच्याच वर्षी हॅरोल्ड विल्सन यांनी आकाशवाणी-दूरचित्रवाणीवरून चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. विरोधकांनी तिची टर उडविली; पण मंत्रिणबाई जेनी ली हट्टाला पेटल्या आणि १९६९ साली मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली. १९७१ च्या जानेवारीत सुमारे २४,००० विद्यार्थी शिकू लागले. प्रवेशासाठी कसलीही पूर्वपात्रता नको, असा नियम केला तो गिरणीकामगार आणि गृहिणी डोळ्यांपुढे ठेवून. आणि पहिल्या वर्षी सर्वांत मोठा गट निघाला तो शिक्षकांचा! प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र होते, पदवी नव्हती, असे ते लोक. बीबीसीवर भल्या पहाटे वा अपरात्री त्यांचे पाठ लागत. हा प्रघात २००६ पर्यंत चालला.

ती लाट आपल्याकडे हैदराबादला १९८२ साली आली, १९८५ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ झाले, आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाने महाराष्ट्राचे मुक्त विद्यापीठ उभे राहिले. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. मराठीतून लिहिलेली त्याची पुस्तके आणि रविवारी अभ्यासकेंद्रांवर भरणारे वर्ग ह्यांनी तालुक्याच्या गावातील मास्तरांना नोकरी न सोडता शिकता आले. हा नुसता हौसेचा मामला नव्हता. अकरावी-बारावीला शिकवावयाचे तर एम. ए. लागते, पदवीवर वेतनश्रेणी अवलंबून, आणि मुलीचे लग्न, घराचे कर्ज हे सारे वेतनश्रेणीवर.

टपालाची जागा आता तारांनी घेतली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली संपूर्ण ऑनलाइन पदव्यांना नियम घालून दिले, २०२० मध्ये ते नव्याने केले. परीक्षेत पर्यवेक्षकाच्या जागी संगणकाचा डोळा समोर रोखलेला असतो. मान जरा वळली तरी तो नोंद घेतो. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने स्पष्टच कळविले, की मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाने वा ऑनलाइन मिळविलेली पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरावी. लंडनला जे १८५८ साली पटले, ते आपल्याकडे असे कागदावर उतरले. तरीही मुलाखतीच्या टेबलापलीकडून 'रेग्युलर की बाहेरून?' हा प्रश्न येतोच, आणि उत्तर देणाऱ्या बाई बहुधा सकाळचे सहा तास घेऊन, रिक्षाने धावत तिथे पोहोचलेल्या असतात.