खाचेची कुळकथा

छिन्नीला पाणी देताना लोहार फक्त तिचं टोक बुडवतो. मागचा भाग लालच असतो. टोक बाहेर काढून दगडावर घासलं की मागची धग हळूहळू पुढे सरकते आणि उजळलेल्या पोलादावर रंग धावू लागतात. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. जांभळा टोकाशी पोचला की छिन्नी पुन्हा पाण्यात. पिवळ्यावरच थांबलं तर धार कडक होते, पण जोराचा घाव बसला की टवका उडतो. निळा उलटून गेला तर टवका उडत नाही, पण धार बसते. छिन्नीच्या डोक्याला तर पाणी देतच नाहीत. ते मऊ राहतं, हातोडा खाऊन खाऊन फुलतं. फुललेली कड घासून टाकायची, म्हणजे तिचे तुकडे उडून डोळ्यात जात नाहीत.

कडकपणा आणि चिवटपणा यांचं हे हाडवैर लोहाराला ठाऊक होतं, पण त्याच्याजवळ आकडा नव्हता. कडकपणा कानस फिरवूनही समजतो. चिवटपणा समजण्यासाठी वस्तू मोडावी लागते, आणि मोडल्यावर ती उपयोगाची राहत नाही. हा आकडा शोधण्याची निकड छिन्नी-हातोड्याने निर्माण केली नाही. ती रेल्वेने केली.

२४ मे १८४७ रोजी इंग्लंडात चेस्टरजवळ डी नदीवरचा रेल्वेपूल गाडीखाली कोसळला. पाच माणसं गेली. पुलाच्या तुळया बिडाच्या होत्या आणि तो बांधला होता रॉबर्ट स्टीफन्सन यांनी, म्हणजे त्या काळातल्या अगदी वरच्या फळीतल्या अभियंत्याने. सरकारने आयोग नेमला आणि १८४९मध्ये त्याचा अहवाल आला. त्यातला एक प्रयोग मला फार आवडतो. छताला अठरा फूट तारेने एक जड गोळा टांगला, तो बिडाच्या आडव्या दांड्याला मध्यावर टेकेल असा. गोळा मागे ओढायचा, सोडायचा, दांड्यावर आदळू द्यायचा आणि घाव मोजत राहायचं. मोडण्याआधी दांडा जितका वाकू शकतो त्याच्या निम्मा वाकवणारे घाव दिले, तर एकही दांडा असे चार हजार घाव सोसू शकला नाही. एकतृतीयांश वाकवणारे घाव मात्र सगळ्या निर्दोष दांड्यांनी चार हजारपर्यंत पचवले. एवढं मोजूनही या गोळ्याने दांडा मोडायला किती ऊर्जा लागली हे सांगितलं नाही. त्याने घाव मोजले, घावाची किंमत मोजली नाही.

त्या काळी आणखी एक समजूत घट्ट होती. मोडलेल्या लोखंडाचं तोंड कधी दोरखंडासारखं तंतुमय दिसतं, कधी साखरेसारखं रवाळ. गाडीचा आस मोडला आणि तोंड रवाळ दिसलं, की वर्षानुवर्षं धक्के खाऊन लोखंड आतून ‘रवाळलं’ असं लोक म्हणत. डेव्हिड कर्कल्डी या स्कॉटिश अभियंत्याने १८६२मध्ये आपल्या प्रयोगांचं पुस्तक काढलं आणि ही समजूत हलवली. त्याने दाखवलं की तेच लोखंड सावकाश ओढून तोडलं तर तोंड तंतुमय येतं आणि झटक्यात तोडलं तर रवाळ. म्हणजे तोंडाचं रूप लोखंडाच्या वयावर नव्हे, तर मोडण्याच्या रीतीवर ठरतं. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण शोधणाऱ्या वैद्यासारखं हे काम, आणि पुढच्या साऱ्या कथेचं बीज त्यातच आहे.

१८९२च्या सुमाराला फ्रान्समध्ये अभियंते ल शातेलिए यांनी वजन टाकून मोडण्याच्या चाचणीत नमुन्यावर आधी एक खाच पाडली. गुळगुळीत नमुना जिथे लवून वाचतो, तिथे खाच पाडलेला काडकन तुटतो. खाचेच्या तळाशी ताण एकवटतो, आजूबाजूचा धातू पसरायला वाव देत नाही, आणि चांगलं दिसणारं पोलाद आपला खरा स्वभाव दाखवतं. प्रत्यक्ष अवजारात, पुलात, जहाजात खाच कुठे नसते? वेल्डिंगचा सुटलेला कण, कोपऱ्याची तीक्ष्ण घडी, हातोड्याच्या तोंडावरचा ओरखडा, या साऱ्या खाचाच. गुळगुळीत नमुन्याची परीक्षा म्हणजे जगात कुठेच नसलेल्या वस्तूची परीक्षा होती.

मग लंबक आला. एस. बेंट रसेल या अमेरिकन अभियंत्याने १८९८मध्ये त्याचं यंत्र छापून प्रसिद्ध केलं. युक्ती इतकी साधी की आधी कुणाला कशी सुचली नाही याचंच नवल वाटावं. लंबक ठरलेल्या उंचीवरून सोडायचा, वाटेत नमुना मोडू द्यायचा आणि पलीकडे तो किती वर चढतो ते पाहायचं. २० किलोचा लंबक दीड मीटरवरून सोडला तर त्याच्याजवळ साधारण २९४ ज्यूल ऊर्जा असते. पलीकडे तो मीटरभरच चढला, तर सुमारे ९८ ज्यूल नमुन्याने गिळले. घर्षणाची वजाबाकी केली की झाला चिवटपणाचा आकडा.

फ्रान्समधल्या मोंल्युसों इथल्या पोलाद कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज शार्पी यांनी खाच आणि लंबक एकत्र आणले आणि १९०१मध्ये बुडापेस्टच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आपली पद्धत मांडली. नाव त्यांचंच राहिलं, आणि ते योग्यही आहे, कारण नमुना, टेकू आणि खाच काटेकोर ठरवून दिली नाही तर एका कारखान्याचा आकडा दुसऱ्याच्या कामाचा राहत नाही. त्यांची खाच मात्र आजची नव्हे. ती तळाशी गोल, कुलपाच्या भोकासारखी होती. आजची टोकदार, ४५ अंशांची खाच आली एडविन आयझॉड यांच्याकडून, ज्यांनी १९०३मध्ये नमुना उभा पकडून त्याच्यावर घाव घालणारं यंत्र मांडलं. आज १० बाय १० मिलिमीटर जाडीचा, ५५ मिलिमीटर लांबीचा तुकडा घेतात, मधोमध २ मिलिमीटर खोल खाच पाडतात, आणि त्या खाचेच्या तळाची गोलाई असते पाव मिलिमीटर. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पॉलिटेक्निकच्या मटेरिअल टेस्टिंगच्या प्रयोगशाळेत ‘आयझॉड आणि शार्पी’ ही जोडी विद्यार्थी एका दमात घेतात. यंत्रही बहुतेक ठिकाणी एकच, हातोडा बदलायचा फक्त.

तरी पहिली चाळीस वर्षं ही चाचणी बहुतेक कारखाने आणि प्रयोगशाळांपुरतीच राहिली. तिला जगाने गंभीरपणे घेतलं ते जहाजं मोडू लागल्यावर. १६ जानेवारी १९४३च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला बांधलेलं ‘शेनेक्टडी’ हे नवंकोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात, कुणी हातही न लावता, मधोमध दुभंगलं. हवा उणे ३ अंश सेल्सिअस, पाणी ४ अंश. जुन्या रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्यापाशी थांबायचा. वेल्डिंगच्या जहाजात सगळे पत्रे एकसंध, त्यामुळे तडा धावतच सुटला. केंब्रिजमध्ये धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवलं की दोष एकट्या वेल्डिंगचा नाही. ते पोलादच विशिष्ट तापमानाखाली चिवटाचं ठिसूळ होतं. मोडलेल्या जहाजांचे पत्रे शार्पीच्या लंबकाखाली मोडले तेव्हा दिसलं की जिथून तडे सुरू झाले ते पत्रे त्या थंडीत २० ज्यूलही सोसत नव्हते. हीच २० ज्यूलची रेघ पुढे बराच काळ कसोटी म्हणून राहिली. तोवर नमुने मोडायचे ते बहुतेकदा खोलीच्या उबेत. आता ते आधी गार करून मोडणं नेमाचं झालं.

या आकड्याची एक खोड आहे. तो रचनेच्या गणितात थेट घालता येत नाही. पूल किंवा हातोडा किती जाड करायचा हे त्यावरून काढता येत नाही. मुख्यतः हे पोलाद त्या पोलादापेक्षा बरं, असं तो सांगतो. शिवाय तयार हातोडा त्या यंत्रात मावत नाही आणि त्याला खाच पाडून मोडला तर विकायचा काय? म्हणून हातोडीच्या मानकांमध्ये चाचणी वेगळी असते: कठीण ठोकळ्यावर पूर्ण ताकदीने ठोके मारायचे, मग तोंडावर टवका, डोक्याला तडा आणि दांड्याला ढिलेपणा आला का ते पाहायचं. अभियांत्रिकीतल्या अनेकांना ही पद्धत गावंढळ वाटते. मला वाटत नाही. हातोड्याचं तोंड कडक आणि दांडा बसवायच्या भोकाभोवतीचा भाग मऊ ठेवलेला असतो. कापून काढलेला एकसारखा तुकडा या दोन स्वभावांबद्दल एकत्र काही सांगू शकणार नाही.

शार्पीच्या नमुन्याला मात्र एक विलक्षण नोकरी मिळाली. अणुभट्टीच्या पोलादी भांड्यावर न्यूट्रॉनचा मारा सतत होत असतो आणि त्याने पोलाद वर्षांगणिक ठिसूळ होत जातं. भांडं तर कापून पाहता येत नाही. म्हणून त्याच पोलादाचे ५५ मिलिमीटरचे तुकडे, खाच आधीच पाडून, डबीत बंद करून भट्टीच्या आत भिंतीजवळ ठेवतात. काही वर्षांनी एक डबी बाहेर निघते, तुकडे लंबकाखाली मोडतात आणि भट्टी आणखी किती वर्षं चालवायची याचा हिशेब मांडला जातो. उरलेल्या डब्या पुढच्या खेपेसाठी आतच राहतात.