वैनगंगेच्या अलीकडून वाचताना

1961 चा जानेवारी आहे. नागभीडकडून आलेली छोटी गाडी तुम्हाला ब्रह्मपुरीच्या फलाटावर उतरवते आणि वडशाकडे निघून जाते. महाराष्ट्राला अजून वर्षही झालेलं नाही. पाकिटांवर ‘जिल्हा चांदा’ असंच लिहितात. चंद्रपूर हे नाव यायला तीन वर्षं आहेत, आणि गडचिरोलीचा वेगळा जिल्हा व्हायला एकवीस. धान कापून झालाय, खळ्यांवर चुरणं चाललंय. आसपासच्या गावांत दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री पहाटेपर्यंत नाटक. तुमच्या पिशवीत उद्धव शेळके यांची ‘धग’ आहे, गेल्याच वर्षी निघालेली.

घरातले सगळे नाटकाला गेले की तुम्ही कंदिलाची काच पुसून वाचायला बसता. आजवर वाचलेल्या कादंबऱ्यांतली माणसं दिवाणखान्यात बसून बोलायची. ‘धग’मधली कौतिक चुलीपुढे बसून, शेतात राबताना, नवऱ्याशी भांडताना बोलते. तिची बोली वऱ्हाडातली, तुमच्या झाडीपट्टीतली नव्हे. तरी तिचा जीव कुठं जळतोय ते तुम्हाला एकदाही विचारावं लागत नाही. नवरा महादेव शिंपी आहे. त्याच्या हातून संसार रेटला जात नाही. ती एकटीच ओढते. लेखक तिची कीव करत नाही, तिला देवीही करत नाही. मला या कादंबरीचं सगळ्यात मोठं बळ इथंच वाटतं. तुम्ही पन्नास पानं वाचून मान वर करता तेव्हा तुम्हाला कौतिकबद्दल आदर वाटत असतो, आणि तो आदर वाटायला लावण्यासाठी लेखकाने एकही विशेषण खर्चलेलं नसतं.

मग महादेवला महारोग होतो. पुण्यामुंबईच्या वाचकाला इथं दुःखावर दुःख रचल्यासारखं वाटेल. तुम्हाला नाही वाटत. तुमच्याच जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ, बाबा आमट्यांनी दहा वर्षांपूर्वी आनंदवन वसवलंय. झडलेल्या बोटांची माणसं तिथं विहिरी खणतात, भाजी पिकवतात, हे तुम्ही ऐकून आहात. आणि गावाबाहेर काढलेली माणसंही तुम्ही पाहिली आहेत. महादेवच्या अंगावरचा रोग हा तुमच्यासाठी कथानकातला फेरा नाहीच. तो बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला बसलेला असतो. नाटकाहून परतलेली मावशी दारातून विचारते, “काऊन गा, झोपला नाही का?” तुम्ही पुस्तक मिटत नाही.

थोडी वर्षं पुढं या. साठीचं दशक सरत आलंय. भालचंद्र नेमाडे यांची 1963 ची ‘कोसला’ हातोहात फिरून, कव्हर सैल होऊन तुमच्यापर्यंत पोचलीय. तुम्ही कॉलेजात आहात आणि पुणं तुम्ही पाहिलेलं नाही. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून तिकडं शिकायला जातो आणि पुण्यापुढं मान तुकवत नाही, याने तुम्ही हरखून जाता. पहिल्यांदा वाचताना तुम्ही हसता फार. त्याची वसतिगृहातली उधळमाधळ मित्रांना मोठ्याने वाचून दाखवता. मध्ये मध्ये कंटाळाही येतो, आणि तो येऊ द्यावा असं माझं मत आहे. त्या पोराच्या वायफळ दिवसांचा कंटाळा अंगावर घेतल्याशिवाय पुढचं पेलत नाही.

पुढचं म्हणजे मनी. त्याची धाकटी बहीण देवीच्या साथीत जाते. या पानांवर तुमचं हसणं थांबतं. तुमच्या आळीत देवीच्या व्रणांचे चेहरे आहेत. एक डोळा गेलेला माणूस रोज तुमच्या दारावरून बैल घेऊन जातो. देवी टोचणारा आला की पोरं लपवणाऱ्या बाया तुम्ही पाहिल्यात. हिंदुस्थानातून देवी जायला अजून काही वर्षं आहेत, ते तुम्हाला माहीत नाही. मोठ्या माणसांवरचा पांडुरंगाचा संताप तुम्हाला पोरकट वाटत नाही. इतकी वर्षं मराठीत ‘कोसला’वर वाद झाले, तिच्या भाषेवर, तिच्या नायकाच्या तुटलेपणावर, मला मात्र ती सगळ्यात आधी एका भावाच्या शोकाची कादंबरी वाटते. बाकीचं सारं त्या शोकाभोवतीचा आरडाओरडा.

आता नव्वदीत या. रूळ रुंद होण्याचे दिवस आहेत. वैनगंगेपलीकडं आता दुसरा जिल्हा आहे. पिशवीत विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ आहे. लेखक हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात राहून काम करणारा; भामरागडच्या जंगलातला माडिया माणूस त्याने दुरून पाहिलेला नाही. एस.टी. आरमोरीकडं निघते, तुम्ही खिडकीशी वाचत बसता. जंगल ज्यांचं, त्यांनाच त्यात लाकूड तोडायची चोरी. कुणीही खाकी कपड्यातला यावा आणि कोंबडी घेऊन जावा. एक पोरगा हे बघत वाढतो. पुस्तकाचं नाव शेवट आधीच सांगतं, तरी प्रत्येक प्रकरणाला तुम्हाला वाटत राहतं की आता कुणीतरी याला अडवेल. तुमची धडधड वाढवते ती बंदूक नव्हे, हे वाट बघणं.

शेजारच्या बाकावरचे गुरुजी पुस्तक ओळखतात. “यात माहितीच फार आहे हो,” ते म्हणतात. “कादंबरी म्हणून नेमाड्यांच्या पासंगालाही पुरायची नाही.” गुरुजींचं अर्धं खरं आहे. काही पानं अहवालासारखी आहेत. माणसं बोलायची थांबतात आणि परिस्थिती बोलू लागते. तुम्ही तसं कबूल करता. मग विचारता, “गुरुजी, तेंदूपत्त्याच्या पुड्याला मजुरी किती मिळते, हे तुमच्या वर्गात किती जणांना ठाऊक आहे?” गुरुजी पुस्तक मागून घेतात, चष्मा लावतात आणि मधलंच एक पान उघडून वाचू लागतात. आरमोरी आली तरी ते परत देत नाहीत. तुम्हीही मागत नाही. पुढच्या आठवड्यात भांडायला त्यांनी ते पुरतं वाचलेलं बरं.