दूध-पोळी, मुडदूस आणि कुत्र्याचे ताट

अंबरनाथला आमच्याच इमारतीत एक शिक्षिका राहतात. उल्हासनगरच्या एका शाळेत त्या विज्ञान शिकवतात. एका संध्याकाळी त्या चार महिन्यांचे पोमेरेनियनचे पिल्लू कडेवर घेऊन आमच्याकडे आल्या. पिल्लाचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले होते. बदलापूरच्या पशुवैद्यांनी क्ष-किरण चित्र काढून मुडदूस असल्याचे सांगितले होते.

बाईंना ते पटत नव्हते. "रोज दूध-पोळी नाहीतर दूध-भात देते. सकाळी तासभर गच्चीत उन्हात नेते. मुलांना मी हेच तर शिकवते, की हाडांना दूध आणि ऊन हवं. मग याला मुडदूस कसा होईल?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर शोधायला शंभर वर्षे मागे, लंडनमध्ये जावे लागते.

पिल्लांनी शिकवलेले जीवनसत्त्व

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या धुरकट शहरांमधल्या मुलांना मुडदूस सर्रास होत असे. कुणी त्याचे कारण कोंदट हवा सांगे, कुणी व्यायामाचा अभाव, कुणी जंतू. एडवर्ड मेलनबी या शास्त्रज्ञाने यावर प्रयोग करायचे ठरवले आणि त्यासाठी कुत्र्याची पिल्ले निवडली. त्यांना त्याने गरीब घरांतल्या मुलांसारखेच जेवण दिले : ओटची पेज किंवा पाव, आणि मोजके दूध. काही महिन्यांत पिल्लांचे पाय वाकले. त्याच जेवणात कॉडलिव्हर तेल मिसळले की मात्र मुडदूस होत नसे. हे निष्कर्ष 1919 साली प्रसिद्ध झाले.

तेलातला उपयोगी घटक बहुधा 'अ' जीवनसत्त्व असावा, असे मेलनबीला वाटले. अमेरिकेत मॅकॉलमने ते तपासून पाहिले. तापवलेल्या कॉडलिव्हर तेलातून हवा खेळवली की त्यातले 'अ' जीवनसत्त्व नष्ट होते, पण ते तेल मुडदूस बरा करतच राहते. म्हणजे घटक वेगळा होता. 1922 साली सिद्ध झालेला हा घटक म्हणजेच 'ड' जीवनसत्त्व.

आता बाईंच्या पिल्लाचे ताट पुन्हा पाहा. ओटच्या जागी गव्हाची पोळी ठेवली, की ते मेलनबीच्या प्रयोगातलेच ताट होते! दुधात कॅल्शियम असते, पण 'ड' जीवनसत्त्व फारच थोडे. ते नसेल तर आतड्यातून कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही. शिवाय धान्यातले फायटिक आम्ल आहे ते कॅल्शियमही बांधून ठेवते.

पण उन्हाचे काय?

1919 सालीच बर्लिनच्या हुल्डशिन्स्कीने मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्याच्या प्रकाशात ठेवून बरे केले. माणसाच्या त्वचेत कोलेस्टेरॉलसारखा एक पदार्थ असतो. अतिनील किरणांमुळे त्याचे 'ड' जीवनसत्त्व बनते. बाई वर्गात शिकवतात ते याचसाठी बरोबर आहे.

कुत्र्याचे मात्र तसे नाही. 1994 साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी दाखवून दिले, की कुत्र्याच्या आणि मांजराच्या त्वचेत हा मूळ पदार्थ इतका थोडा असतो की ऊन देऊनही पुरेसे 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही. त्यांना ते अन्नातूनच मिळावे लागते. शिकार करून खाणाऱ्या पूर्वजांना ते सावजाच्या यकृतातून आणि चरबीतून आपोआप मिळत होते. गच्चीतल्या कोवळ्या उन्हाने पिल्लाला आनंद नक्कीच दिला असेल, 'ड' जीवनसत्त्व नाही!

ज्वारीची भाकरी आणि काळी जीभ

"पण आमच्या आजोळी कुत्र्याला भाकरीच घालायचे. ती कुत्री काय धडधाकट असायची!" हा बाईंचा पुढचा प्रश्न.

भाकरीचाही इतिहास आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा रोग होत असे : कातडी सोलवटते, जुलाब होतात, बुद्धिभ्रंश होतो. हा रोग संसर्गाने नव्हे, तर निकृष्ट आहाराने होतो, असे जोसेफ गोल्डबर्गरने दाखवले. तशाच आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांना 'काळी जीभ' नावाचा रोग होतो, हेही 1920 च्या दशकात त्याच्या लक्षात आले. हा धागा पकडून 1937 साली कॉनराड एल्व्हेजमने काळी जीभ झालेल्या कुत्र्यांना निकोटिनिक आम्ल देऊन बरे केले. माणसांचा पेलाग्राही त्यानेच बरा झाला. 'ब' गटातले हे जीवनसत्त्व आज नायसिन म्हणून ओळखले जाते.

पेलाग्रा दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरिबांमध्येही आढळत होता. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा शोध घेतला. ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन हे अमिनो आम्ल फार असते आणि ते नायसिनच्या वापरात अडथळा आणते, अशी कल्पना त्यांनी 1960 साली मांडली. पुढे ज्वारीच्या आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांना काळी जीभ होते, असेही त्यांना दिसले. ल्युसिनच्या भूमिकेबद्दल नंतर मतभेद झाले. पण केवळ ज्वारीवर ना माणसाचे भागते ना कुत्र्याचे, हे त्यातून स्पष्ट झाले.

मग आजोळची कुत्री धडधाकट कशी? कारण भाकरी हे त्यांचे सगळे जेवण नव्हतेच. ती दिवसभर मोकळी असत. उंदीर, घुशी, मेलेली कोंबडी, हाडके, जे सापडेल ते खात. भाकरीतली उणीव ती गावभर हिंडून भरून काढत. शिवाय जी जगली नाहीत, ती आपल्या आठवणीत राहत नाहीत! तिसऱ्या मजल्यावरच्या पिल्लाला मात्र आपण वाढू तेवढेच मिळते. रीत तीच राहिली, कुत्र्याचे जगणे बदलले.

याचा अर्थ पोळी हे कुत्र्याला विष आहे असा नव्हे. 2013 साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी लांडग्यांच्या आणि कुत्र्यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात सहसा 2 प्रती असतात, तर कुत्र्यांमध्ये 4 ते 30. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे जगताना कुत्रा धान्य पचवायला शिकला. पोळी त्याला ऊर्जा देते. तीच एकटी मात्र पुरत नाही.

लहान कुत्र्याचे गणित

1883 साली जर्मन शास्त्रज्ञ मॅक्स रुबनरने सुमारे 3 किलोपासून 30 किलोपर्यंतच्या कुत्र्यांचा ऊर्जावापर मोजला. लहान कुत्र्याला एकूण ऊर्जा कमी लागते, पण दर किलो वजनामागे बरीच जास्त. पुढे 1932 साली मॅक्स क्लायबरने हे नाते अधिक नेमके केले. आज पशुवैद्य विश्रांतीच्या अवस्थेतली गरज अशी काढतात : वजनाचा (किलोमध्ये) 0.75 वा घात घ्यायचा आणि त्याला 70 ने गुणायचे.

यानुसार 20 किलोच्या कुत्र्याला सुमारे 660 किलोकॅलरी लागतात, म्हणजे किलोमागे 33. आणि 3 किलोच्या कुत्र्याला सुमारे 160, म्हणजे किलोमागे 53. हिंडण्याफिरण्यासह 3 किलोच्या प्रौढ कुत्र्याची दिवसाची गरज साधारण 250 किलोकॅलरी होते. मध्यम पोळीत सुमारे 100 असतात. अडीच पोळ्यांत दिवसाचा कोटा संपला! प्रथिने, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांसाठी जागाच उरली नाही. म्हणून लहान कुत्र्याच्या ताटातला प्रत्येक घास मोलाचा असतो. वरखाऊ एकूण ऊर्जेच्या दहाव्या भागाइतकाच द्यावा असे सांगतात. इथे तो पाव पोळी भरतो.

"मग नुसते चिकन देऊ का?" तेही नको. हाडाविना मांसात फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शियम त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. कुत्र्याला मात्र कॅल्शियम निदान फॉस्फरसइतके तरी लागते. ही तूट शरीर हाडांतून भरून काढते. कॉडलिव्हर तेलही मनाने पाजू नये. 'अ' आणि 'ड' ही जीवनसत्त्वे शरीरात साठतात आणि अति झाली की घातक ठरतात.

आणखी एक गोष्ट, कांद्याची. सिंधी घरातली कांद्यात शिजवलेली भाजी असो की आपली आमटी, कांद्यातल्या गंधकयुक्त संयुगांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवूनही हा दोष जात नाही. किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा धोक्याचा असतो. म्हणजे 3 किलोच्या कुत्र्याला एक मध्यम कांदा पुरे. मनुका, द्राक्षे आणि चॉकलेटही वर्ज्य.

निवड कशी करावी?

विकतचे खाद्य ही काही नवी चूष नव्हे. जेम्स स्प्रॅटने लंडनमध्ये 1860 च्या सुमारास गहू, भाज्या आणि मांस मिसळलेली कुत्र्यांची बिस्किटे विकायला काढली. खाद्य घेताना जाहिरात पाहू नका, वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचा. ते 'संपूर्ण व संतुलित' आहे की नुसता खाऊ आहे, पिल्लासाठी आहे की प्रौढासाठी, आणि 100 ग्रॅममध्ये किती ऊर्जा आहे, हे पाहा. घरचेच द्यायचे तर अंडी, मांस, भात, भाज्या यांचे प्रमाण आणि कॅल्शियम व जीवनसत्त्वांची पूरके पशुवैद्याकडून ठरवून घ्या.

बाईंनी हे केले. पिल्लाचे पाय बरेच सरळ झाले, पण पूर्ण नाही. वाढीच्या वयात गेलेला वेळ परत मिळत नाही. मेलनबीच्या पिल्लांमुळे आपली मुले मुडदुसातून वाचली. त्यांनी दिलेले ज्ञान निदान त्यांच्या भाईबंदांच्या ताटापर्यंत तरी पोचायला हवे.

तेव्हापासून बाई आठवीच्या वर्गात एक उपक्रम घेतात. ज्यांच्या घरी कुत्रा किंवा मांजर आहे, त्यांनी आठवडाभर त्याच्या ताटाची नोंद ठेवायची आणि त्यातून ऊर्जा, कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व कुठून मिळते ते शोधायचे. त्या सांगतात, तिसऱ्या दिवशीच कुणीतरी मुलगी विचारते, "बाई, माझ्या ताटाची पण नोंद करू का?"