दारातली रिफायनरी, परक्याचं तेल

आखातात तणाव वाढला की टीव्हीवर 'ऊर्जा सुरक्षा' हा शब्द ऐकू येऊ लागतो. कोकणातल्या आमच्यासारख्या मुस्लिम घरांना त्याची झळ दोन्हीकडून बसते. तिकडे नोकरीला गेलेला माणूस आपला आणि इकडे महागणारं पेट्रोलही आपल्याच खिशातून भरायचं. पण या शब्दाचा अर्थ ठरवतं कोण? हा प्रश्न पडला की मला मुंबईच्या ट्रॉम्बे-माहुलचा इतिहास आठवतो.

स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजना सुरू झाल्या आणि तेलाची गरज वाढत गेली. सरकारजवळ ना भांडवल होतं, ना तंत्रज्ञान. म्हणून १९५१ ते १९५३ या काळात तीन परदेशी कंपन्यांशी करार झाले. स्टॅनव्हॅकची रिफायनरी ट्रॉम्बेला १९५४ मध्ये, बर्मा-शेलची माहुलला १९५५ मध्ये आणि कॅल्टेक्सची विशाखापट्टणमला १९५७ मध्ये सुरू झाली. पंचवीस वर्षं राष्ट्रीयीकरण करणार नाही, अशी हमी सरकारने दिली. कच्चं तेल कुठून आणायचं, हे ठरवण्याची मोकळीकही कंपन्यांनाच होती.

कंपन्यांची भूमिका थोडक्यात अशी होती की विहिरी आमच्या, जहाजं आमची, तेव्हा पुरवठ्याची काळजी आमच्यावर सोडा. ऐकायला हे ठीक वाटतं. पण १९६० मध्ये सोव्हिएत युनियनने स्वस्त कच्चं तेल देऊ केलं, तेही रुपयांत. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला आणखी काय हवं होतं? मात्र तिन्ही कंपन्यांनी ते तेल शुद्ध करायला नकार दिला. त्यांचा मोठा नफा स्वतःच्या विहिरींतलं तेल विकण्यात होता. व्यापारी म्हणून त्यांचं गणित चुकीचं नव्हतं, फक्त ते आपलं गणित नव्हतं. रिफायनरी आपल्या दारात होती, पण तिच्यात कुणाचं तेल जाईल हे आपल्या हातात नव्हतं.

केशवदेव मालवीय यांनी यातून योग्य धडा घेतला. १९५६ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोग उभा राहिला होताच. १९५८ मध्ये खंभातला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल सापडलं. १९६२ मध्ये गुवाहाटीजवळ नूनमाटीला सरकारी रिफायनरी सुरू झाली. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने बॉम्बे हायला तेल शोधलं. पुढे १९७४ ते १९७६ या काळात एस्सो (म्हणजे पूर्वीची स्टॅनव्हॅक) आणि बर्मा-शेल यांचा कारभार सरकारकडे आला.

म्हणून सगळं सुटलं असं नाही. आजही आपल्या गरजेचं ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून येतं. उद्योगांचं मत जरूर ऐकावं, त्यांना धंदा कळतो. पण कंपनी परदेशी असो, देशी असो की सरकारी, तिला एक प्रश्न विचारायलाच हवा: तुमचा नफा आणि आमची गरज यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, तर तुम्ही कोणती वाट धराल? १९६० मध्ये आपल्याला याचं उत्तर मिळालं होतं. ते विसरून चालणार नाही.