ब्रेसचा विरोधाभास: नवा रस्ता झाला, तरी कोंडी का वाढते?

रस्ता वाढवला की गर्दी कमी होणार, असं आपल्याला वाटतं. पण कधीकधी उलटं घडतं, हे जर्मन गणितज्ञ डिट्रिश ब्रेस यांनी १९६८ मध्ये दाखवलं.

समजा, मुरुडहून लातूरला रोज सकाळी १००० गाड्या निघतात आणि वाटा दोनच आहेत. प्रत्येक वाटेवर एक रुंद टप्पा, एक अरुंद. एकीवर अरुंद आधी, दुसरीवर नंतर. रुंद टप्प्याला कायम २५ मिनिटं लागतात. अरुंद टप्प्याला गाड्यांची संख्या भागिले ५० इतकी. दोन्हीकडे ५००-५०० गाड्या गेल्या, तर प्रत्येकाला १० + २५ = ३५ मिनिटं.

आता मधोमध एक छोटा जोडरस्ता झाला. त्याचा वेळ शून्य धरू. त्यावरून दोन्ही अरुंद टप्पे पकडले, तर पहिल्या गाडीला जेमतेम २० मिनिटं! मग सगळेच तिकडे वळतात आणि वेळ होतो २० + २० = ४० मिनिटं. एकट्यानं जुनी वाट धरली, तर ४५. म्हणून मागं कुणीच फिरत नाही.

हे प्रत्येक रस्त्याला लागू नाही. गाड्या किती आणि टप्पे कसे, यावर ते ठरतं. संगणकांच्या नेटवर्कमध्येही डेटा स्वतःपुरती जलद वाट निवडत गेला, तर असंच होऊ शकतं. म्हणून नवा रस्ता आखताना फक्त लांबी नाही, लोक कुठं वळतील तेही मोजावं लागतं.