वादळाचे छायाचित्र आणि इतिहासाची कसोटी : सोलापूरच्या आकाशातील ती सोंड खरेच टोर्नेडोची असते का?

१/
एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरच्या आकाशात वळवाचे ढग दाटून आले की मोबाइलवर छायाचित्रे फिरू लागतात. काळाकभिन्न ढग, त्यातून जमिनीकडे उतरलेली सोंड आणि खाली एकच ओळ : 'सोलापूरजवळ टोर्नेडो'. चित्र खरे की खोटे, हा प्रश्न हवामानशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो आधी इतिहासाचा आहे. समोर असते ते एक साधन, आणि साधनाची परीक्षा हे इतिहासकाराचे पहिले काम.

२/
मराठी इतिहासलेखनाला ही परीक्षा नवी नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि बखरीपेक्षा अस्सल समकालीन कागद श्रेष्ठ, हा आग्रह धरला. चित्रांनाही तोच न्याय लागतो. शिवाजी महाराजांचे म्हणून वर्षानुवर्षे छापले जाणारे एक चित्र भलत्याच व्यक्तीचे आहे, हे वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले आणि १९३३ मध्ये डच साधनांतील महाराजांचे चित्र लोकांपुढे आणले. आधीचे चित्रही अस्सलच होते. खोटे होते ते त्याखालचे नाव.

३/
वादळाच्या छायाचित्राबाबतही अनेकदा हेच घडते. म्हणून प्रश्न दोन, आणि तेही क्रमाने विचारायचे. पहिला बहिरंग परीक्षणाचा : हे कोणी, कोठे, केव्हा टिपले? दुसरा अंतरंग परीक्षणाचा : यात नेमके काय दिसते? बहुतेक लोक थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी मारतात आणि तेथेच फसतात.

४/
छायाचित्र नसले म्हणून वादळ खोटे ठरत नाही. ८ एप्रिल १८३८ रोजी कलकत्त्याजवळून एक भयंकर भोवरा गेला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्याचे छायाचित्र असणे शक्यच नव्हते. छायाचित्रणाची कला जगापुढे जाहीर झाली तीच १८३९ मध्ये. तरीही आज अभ्यासक त्याची गणना टोर्नेडोंत करतात, कारण फ्लॉइड नावाच्या सर्वेक्षकाने त्याचा मार्ग, पडझड आणि जीवितहानी यांची नोंद करून ठेवली. एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ती छापली गेली.

५/
पुढे कॅमेरा आला, काचेच्या कोरड्या पट्ट्या आल्या आणि हलते आकाश टिपणे शक्य झाले. २६ एप्रिल १८८४ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ए. ए. अॅडम्स या हौशी छायाचित्रकाराने दूरवरचा टोर्नेडो टिपला. ज्ञात असलेल्या टोर्नेडोच्या छायाचित्रांत ते सर्वांत जुने मानले जाते. चित्रात दिसते ती एक बारीक, दोरीसारखी, विरत चाललेली सोंड. पाहणाऱ्याला धडकी भरावी असे त्यात काही नाही.

६/
चारच महिन्यांनी, २८ ऑगस्ट १८८४ रोजी, डाकोटा प्रदेशातील हॉवर्ड गावाजवळ एफ. एन. रॉबिन्सन यांनी दुसरे चित्र घेतले. मध्ये काळी सोंड, दोन्ही बाजूंना आणखी दोन लहान सोंडा, पायथ्याशी धुळीचा लोट. हे चित्र जगभर गाजले आणि दीर्घकाळ 'पहिले छायाचित्र' म्हणून मिरवले. मात्र त्यावर हाताने बरीच रंगसफाई झाली असल्याचे अभ्यासक मानतात.

७/
येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. त्या दिवशी डाकोटात टोर्नेडो झाले होते, हे खरेच आहे. म्हणजे घटना खरी, पण चित्र सजवलेले. बखरीचेही असेच असते : लढाई झालेली असते, आकडे फुगवलेले असतात. 'सगळे खरे' आणि 'सगळे बनावट' या दोन टोकांच्या मध्ये बरीच साधने राहतात.

८/
छायाचित्राचा पुरावा म्हणून वापर कसा करावा, हे टेट्सुया फुजिता यांनी दाखवले. २० जून १९५७ रोजी अमेरिकेतील फार्गो शहरावर टोर्नेडो आला. फुजितांनी रहिवाशांनी काढलेली शंभराहून अधिक छायाचित्रे गोळा केली. प्रत्येक चित्र कोणत्या जागेवरून आणि किती वाजता घेतले हे ठरवले, ओळखीच्या इमारतींच्या आधारे कोन मोजले आणि वादळाची उंची व वाटचाल नकाशावर मांडली. एकटे चित्र फसवू शकते. जागा आणि वेळ ठाऊक असलेली अनेक चित्रे एकमेकांची साक्ष तपासतात.

९/
मराठीत आणखी एक अडचण आहे, ती शब्दाची. हेन्री पिडिंग्टन यांनी कलकत्त्यात १८४८ मध्ये 'सायक्लोन' हा शब्द रूढ केला. मराठीत त्याला 'चक्रीवादळ' म्हणतात. ते समुद्रावर जन्मते आणि शेकडो किलोमीटर पसरते. टोर्नेडो हा मेघगर्जनेच्या ढगाखालचा भोवरा, बहुधा काहीशे मीटर रुंदीचा आणि काही मिनिटांचा. गावोगावी मात्र पत्रे उडवणाऱ्या कोणत्याही वाऱ्याला 'चक्रीवादळ' म्हटले जाते. म्हणून जुन्या वृत्तपत्रात हा शब्द दिसला तरी त्यावरून वादळाचा प्रकार ठरवता येत नाही.

१०/
आता सोलापूरकडे वळू. या जिल्ह्यात टोर्नेडोचा भास निर्माण करणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. दूरवर एकाच ठिकाणी कोसळणारा पाऊस काळ्या खांबासारखा दिसतो; पण त्याच्या कडा पुसट असतात आणि तो फिरत नाही. ढगाखाली लोंबणारी फाटकी चिंधी सोंडेसारखी भासते. पण क्षणाक्षणाला आकार बदलते. वादळाच्या आघाडीवरचा लांबलचक आडवा ढग भिंतीसारखा चालून येतो. पण तो वाऱ्याच्या झोताची कड असतो, भोवरा नव्हे.

११/
वावटळ तर प्रत्येकाने पाहिलेली असते. ती तापलेल्या जमिनीवरून वर उठते आणि बहुधा निरभ्र दुपारी दिसते. टोर्नेडो मात्र वरच्या ढगाशी जोडलेला असतो. याखेरीज साखर कारखान्याच्या धुराड्याचा धूर, वीटभट्टी आणि उसाचे पेटवलेले पाचट आहेच. वरच्या काळ्या ढगाला धुराचा लोट टेकलेला दिसला की दुरून चित्र पुरे होते.

१२/
कधी तर हवाच काय, धूरही नसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या केशवनगर-खराडी भागात मुळा-मुठेवर उभे राहिलेले उंच, फिरते स्तंभ चित्रफितींत दिसले आणि 'डासांचा टोर्नेडो' म्हणून देशभर गाजले. ते होते डासांसारख्या कीटकांचे थवे. हेच पाणी भीमेतून पुढे सोलापूर जिल्ह्यातील उजनीत येते. त्या चित्रफिती खऱ्या होत्या, जागा खरी होती, आकारही सोंडेचा होता. टोर्नेडो तेवढा नव्हता. आकारावरून निकाल देण्याचा धोका यातून कळावा.

१३/
मग तपासायचे काय? आधी बहिरंग. मूळ छायाचित्र कोणाकडे आहे? हेच चित्र पूर्वी दुसऱ्या देशाच्या नावाने फिरले होते का? पाट्या कोणत्या लिपीत आहेत, वाहने रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालली आहेत, शेतात ऊस आहे की गहू? सावल्या सांगितलेल्या वेळेशी जुळतात का? नंतर अंतरंग. सोंड ढगाच्या तळाला जोडलेली आहे का? जमिनीवर धूळ किंवा मोडतोड उडताना दिसते का? स्थिर चित्रात फिरणे दिसत नाही. म्हणून चित्रफीत किंवा लागोपाठची चित्रे हवीत.

१४/
शेवटची साक्ष जमिनीची. १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीतून टोर्नेडो गेला. काही मिनिटांत २८ जणांचा बळी गेला. अशा वेळी पडझडीचा अरुंद पट्टा उरतो आणि त्यात झाडे वेगवेगळ्या दिशांना, आतल्या बाजूला वळलेली पडतात. वळवाच्या ढगातून आदळणाऱ्या वाऱ्याने मात्र सारी केळी एकाच दिशेला झोपतात किंवा एका बिंदूपासून बाहेर पसरतात. पंचनामा करताना झाड कोणत्या दिशेला पडले एवढे लिहून ठेवले, तरी तो उद्याचा अस्सल कागद ठरेल.

१५/
ढगाच्या आतली साक्ष रडार देते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पर्जन्यछायेतील सोलापूर परिसरात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, तेव्हा ढगांवर रडारची नजर होती. तो प्रयोग टोर्नेडोसाठी नव्हता. परंतु डॉप्लर रडारवर ढगातील वारा कोठे आपल्याकडे येतो आणि कोठे दूर जातो हे दिसते. फिरता ढग त्यातून ओळखू येतो.

१६/
इतका खटाटोप कशासाठी? परदेशातील सोंड सोलापूरची म्हणून फिरते तेव्हा लोक आकाशात सोंड शोधत राहतात आणि वळवात खरोखर जीव घेणाऱ्या विजेकडे दुर्लक्ष होते. उलट, दहा वेळा फसलेला माणूस अकराव्या वेळी खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवत नाही.

१७/
दुसरे नुकसान उशिरा कळते. आजची छायाचित्रे उद्याचे दप्तर आहेत. पन्नास वर्षांनी सोलापूरच्या हवामानाचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती हीच चित्रे पडतील. त्यांवर स्थळ, तारीख, वेळ आणि दिशा असेल तर ती फुजितांच्या चित्रांसारखी बोलतील. नसेल तर त्यांची नवी बखर होईल. म्हणून पुढच्या वळवात छायाचित्र टिपणाऱ्याने चित्रासोबत या चार गोष्टी लिहून ठेवाव्यात, आणि ज्याच्याकडे असे चित्र येईल त्याने ते पुढे पाठवण्यापूर्वी याच चार गोष्टी विचाराव्यात.