कोकणातील जहाजबांधणी : सांगाड्याच्या परिभाषेचे ऐतिहासिक मूल्य

मराठ्यांच्या आरमाराचा अभ्यास बहुधा जलदुर्ग, लढाया व आंग्रे घराण्याचे कर्तृत्व यांभोवती फिरताना दिसतो. ज्या गलबतांवर हे आरमार उभे होते त्यांचा सांगाडा कसा बांधला जाई आणि त्याच्या भागांना काय म्हणत, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे.

ग्रंथांचे साहाय्य येथे तोकडे पडते. अमरकोशाच्या वारिवर्गात वल्हे, सुकाणू, डोलकाठी, एवढेच काय, होडीतील पाणी उपसण्याच्या भांड्यालाही शब्द आहे. परंतु तळाच्या लाकडांची नावे तेथे सापडत नाहीत. भोजाच्या नावावरील ‘युक्तिकल्पतरु’ नौकांची लांबी-रुंदी व प्रकार सांगतो. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाच्या दहा वर्गांत दुर्गवर्ग आहे, आरमाराला मात्र स्वतंत्र वर्ग नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आरमारासाठी सागवान परवानगीने तोडावे, रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये असे बजावते. ते लाकूड जोडावे कसे, हा अमात्यांचा विषय नव्हता. तो सुताराचा होता.

जहाजाचे नाव व वरचा कारभार यांवर परकीय भाषांचा ठसा स्पष्ट आहे. ‘आरमार’ पोर्तुगीजांकडून आले. ‘गुराब’ हा कावळा या अर्थाचा अरबी शब्द. ‘सुकाणू’ व ‘खलाशी’ हेही अरबीच. तळाकडे मात्र वेगळे चित्र दिसते. जहाजाच्या बुडातून पुढून मागे गेलेले, सर्व भार पेलणारे मुख्य लाकूड म्हणजे ‘पठाण’. (या शब्दाचा अफगाण पठाणांशी संबंध जोडण्यास आधार नाही.) पठाणाच्या पुढील टोकाला वर चढत जाणारी ती ‘नाळ’. पठाणावर दोन्ही अंगांस बसविलेल्या फासळ्या म्हणजे ‘वाक’. त्यांसाठी मुळातच वळण घेतलेले लाकूड निवडावे लागते, कारण सरळ लाकूड तासून बाक दिल्यास त्याचे तंतू तुटतात. पठाण हा शब्द गुजरातच्या किनाऱ्यावरही याच अर्थाने चालतो. राज्यांच्या सीमा बदलल्या तरी किनाऱ्यावरील कारागिरांची परिभाषा सामाईक राहिली, असे यावरून मानता येते.

या कौशल्याची साक्ष परकीयांनीही दिली आहे. अठराव्या शतकात सुरतेस आलेला डच दर्यावर्दी स्टाव्होरिनस, तेथील फळ्या कडेला खाच घेऊन एकमेकींत घट्ट बसवितात, असे नमूद करतो. त्याच सुरतेतून लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईस आले. वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईत सागवानात बांधलेले व १८१७ मध्ये पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. उलटपक्षी, कल्याण-भिवंडीस शिवाजी महाराजांसाठी जहाजे बांधणारे रुई लैतांव व्हिएगस व त्याचे सहकारी १६५९ मध्ये पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून काम सोडून गेले, तरी आरमाराची उभारणी थांबली नाही. पुढील जहाजे ज्यांनी बांधली त्या सुतारांची नावे इतिहासाने जपली नाहीत. त्यांचे शब्द तेवढे मागे राहिले.

आता तेही विरळ होत आहेत. साच्यातून निघणाऱ्या फायबरच्या होडीला लाकडी पठाण घालावा लागत नाही की वाक बेतावे लागत नाहीत. नारळी पौर्णिमेला पूजा होते म्हणून नाळ तेवढी सर्वांच्या तोंडी आहे. बाकीची परिभाषा वृद्ध सुतारांकडून, बंदरागणिक आणि प्रत्येक भागाच्या रेखाचित्रासह नोंदविली गेली पाहिजे. नुसता शब्द टिपल्यास तो कोणत्या लाकडाचा, हे पुढच्या अभ्यासकास कळणार नाही.